क्रेडिट कार्ड: घ्यावे का, वरचे घ्यावे का? एका निर्णयाचा इतिहास

नोकरीचा पहिला पगार खात्यात जमा झाला की थोड्याच दिवसांत बँकेचा फोन येतो: आपल्यासाठी एक कार्ड मंजूर झाले आहे. दोनेक वर्षांनी दुसरा फोन येतो: आपले कार्ड आता वरच्या दर्जाचे करून मिळेल. दोन्ही वेळा बोलणारी व्यक्ती घाईत असते आणि ऐकणाऱ्याने दोन मिनिटांत होकार द्यावा अशी अपेक्षा असते. चक्रवाढीचे सूत्र फळ्यावर सहज सोडवणारी मुले या दोन मिनिटांत गडबडतात, हे अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवताना मी अनेकदा पाहिले आहे. गणित त्यांना येते. समोर मांडलेला व्यवहार कोणी, कशासाठी आणि कोणत्या अनुभवातून घडवला, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत टिपणात तो इतिहास थोडक्यात पाहू आणि मग निर्णयाचा हिशेब करू.

कार्डाच्या आधीची उधारी

उधारी ही बँकांनी शोधलेली गोष्ट नव्हे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानातली वही होती, महिनाअखेरीस पगार झाला की ती चुकती होई. व्यापाऱ्यांची हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यावे लागत, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटे. गुजराती, मारवाडी, मुलतानी, चेट्टियार अशा पेढ्यांच्या शब्दावर दूरदूरच्या शहरांत पैसे मिळत. या सगळ्या व्यवस्थांत एक समान सूत्र होते: देणारा घेणाऱ्याला ओळखत असे, निदान ओळखणाऱ्याला ओळखत असे.

ही ओळख नेहमीच सुखाची नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते हिसकावून जाळली. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात, तुमच्यापैकी अनेकांनी बारावीच्या पुस्तकात ते वाचलेही असतील. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या कापसाला भाव आला होता. त्या भावाच्या जोरावर सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, शेतकऱ्यांनी घेतली. युद्ध संपले, भाव उतरले, सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. कर्ज सहज मिळण्याचा काळ आणि ते फेडण्याचा काळ एकच नसतो, ही गोष्ट येथे ठळक दिसते. ही घटना मी मुद्दाम आधी सांगितली, कारण जाळण्यासाठी लोकांनी धान्य किंवा घरे निवडली नाहीत, प्रामुख्याने कागद निवडले. त्यांतले अनेक कागद त्यांना वाचता येत नव्हते आणि त्यांवर अंगठे त्यांचेच होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. याच कायद्याखाली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

त्याहून जुना एक नियम होता, दामदुपटीचा. दाम म्हणजे मुद्दल. एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीच्या पुढे मागणी करता येणार नाही, असा हा हिंदू धर्मशास्त्रातला दंडक. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालये तो पाळत असत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुठ्ठ्याच्या कार्डापासून फ्रेस्नोपर्यंत

'क्रेडिट कार्ड' हा शब्दप्रयोग एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाच्या १८८८ च्या भविष्यकालीन कादंबरीत येतो. गंमत अशी की तिथल्या कार्डाचा उधारीशी संबंध नाही. राष्ट्राच्या संपत्तीतला नागरिकाचा वाटा त्यावर नोंदलेला असतो आणि तो त्यातून खर्च करतो. आजच्या भाषेत ते डेबिट कार्डाच्या जवळचे. प्रत्यक्षात अमेरिकेतील मोठी दुकाने आणि पेट्रोल कंपन्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना पुठ्ठ्याची कार्डे किंवा पत्र्याच्या पट्ट्या देत. ती त्या एकाच दुकानात चालत. वाण्याच्या वहीचेच ते रूप.

मोठा बदल १९५० मध्ये झाला. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डायनर्स क्लब सुरू केला. हॉटेलात पाकीट विसरल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. ती प्रसिद्धीसाठी रंगवलेली आहे, तेव्हा परीक्षेत लिहिताना जपून. महत्त्वाचे आहे ते व्यवहाराचे अंग. आता दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये तिसरा पक्ष आला. हॉटेलमालकाला पैसे क्लब देणार, गिऱ्हाईक महिनाअखेरीस क्लबला देणार, आणि या सोयीबद्दल हॉटेलमालकाकडून बिलाच्या सात टक्के क्लब कापून घेणार. ग्राहकाला 'फुकट' वाटणारी सोय दुकानदाराच्या खिशातून निघते, ही रचना येथून सुरू झाली. आजचे सगळे पॉइंट, कॅशबॅक आणि विमानतळावरचे आरामकक्ष यांची एक मुळी इथे आहे. दुसरी मुळी व्याजात आहे, ती डायनर्समध्ये नव्हती. तिथे महिन्याचे बिल पूर्ण भरावेच लागे.

व्याजाची मुळी कॅलिफोर्नियात रुजली. बँक ऑफ अमेरिका ही त्या राज्यातली बलाढ्य बँक. तिच्यातील जोसेफ विल्यम्स या अधिकाऱ्याने हिशेब मांडला की मध्यमवर्गीय कुटुंबे फ्रिजसाठी एका दुकानाकडून, फर्निचरसाठी दुसऱ्याकडून, कपड्यांसाठी तिसऱ्याकडून हप्त्याने उधारी घेतात. ही सगळी उधारी एकाच कार्डावर आणली तर? पण इथे कोंबडी आधी की अंडे आधी असा पेच होता. गिऱ्हाइकांकडे कार्ड नसेल तर दुकानदार ते का स्वीकारेल, आणि दुकानदार स्वीकारत नसेल तर गिऱ्हाईक ते का मागेल?

बँकेने पेच सोडवला तो धाडसाने. सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रेस्नो या शहरात तिने सुमारे ६०,००० लोकांना टपालाने थेट चालू कार्डे पाठवून दिली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी मागितले नव्हते. लिफाफा फोडायचा, प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा आणि दुकानात जायचे. एका दिवसात शहरात हजारो कार्डधारक तयार झाले, त्यामुळे दुकानदारांनाही नाही म्हणणे जड गेले. ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम भरा किंवा थोडी भरून बाकी पुढे ढकला आणि त्यावर व्याज द्या, अशी दोन दारे ग्राहकासमोर होती. हे दुसरे दार म्हणजेच आजच्या क्रेडिट कार्डाचा गाभा.

पुढच्या वर्षभरात बँकेने कॅलिफोर्नियात सुमारे २० लाख कार्डे वाटली आणि मग हिशेब आला. चार टक्के खाती थकतील असा विल्यम्सचा अंदाज होता, प्रत्यक्षात २२ टक्के थकली. टपालपेट्यांतून कार्डे चोरीला गेली, बनावट व्यवहार झाले, आणि वसुली कशी करायची याची तयारीच नव्हती. बँकेचे लाखो डॉलर बुडाले. १९५९ संपण्यापूर्वी विल्यम्सने बँक सोडली. एवढे होऊनही बँकेने योजना गुंडाळली नाही, आणि काही वर्षांतच ती नफ्यात आली. तो नफा तिने काही काळ गाजावाजा न करता ठेवला, कारण इतर बँकांना वास लागू द्यायचा नव्हता. धंद्याच्या दृष्टीने ही हुशारीच. १९६६ पासून तिने इतर बँकांना परवाने दिले, १९७६ मध्ये या जाळ्याला व्हिसा हे नाव मिळाले. प्रतिस्पर्धी बँकांचा जो गट १९६६ मध्ये उभा राहिला तोच पुढे मास्टरकार्ड झाला.

न मागता कार्डे पाठवण्याची युक्ती मात्र सर्वत्र पसरली. १९६६ च्या सुमारास शिकागोतील बँकांनी अशीच लक्षावधी कार्डे वाटली आणि गोंधळ इतका झाला की प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेले. अखेर १९७० मध्ये अमेरिकेने कायदा करून न मागितलेली कार्डे पाठवण्यावर बंदी घातली आणि कार्ड हरवल्यास ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित केली. म्हणजे 'कार्ड घ्यावे की नाही' हा प्रश्न ग्राहकाच्या हाती कायद्याने आला तो बारा वर्षांनंतर. तोवर निर्णय बँकेने घेतलेला असे, ग्राहकाच्या हाती फक्त लिफाफा येई.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर. कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक तपासणीसाठी असतो. आयबीएममधील हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये ते मिळाले. उजवीकडून मोजत प्रत्येक दुसरा अंक दुप्पट करा, उत्तर नऊपेक्षा मोठे आले तर त्यातून नऊ वजा करा, सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला दहाने नि:शेष भाग गेला तर क्रमांक नियमात बसतो. एक अंक चुकला की ही युक्ती तो हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा पकडते, मात्र ० आणि ९ यांची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. का, ते स्वतः करून पाहा. कार्डामागची चुंबकीय पट्टीही आयबीएमचीच देणगी. फॉरेस्ट पॅरी या अभियंत्याला पट्टी प्लॅस्टिकवर चिकटवता येत नव्हती, त्याच्या पत्नीने घरच्या इस्त्रीने ती चिकटवून दाखवली असे सांगतात.

सोनेरी, प्लॅटिनम, काळे

वरच्या दर्जाच्या कार्डाची कल्पनाही अपघाताने आलेली नाही. अमेरिकन एक्स्प्रेस या प्रवासी धनादेशांच्या कंपनीने १९५८ मध्ये कार्ड काढले, १९६६ मध्ये सोनेरी कार्ड, १९८४ मध्ये प्लॅटिनम, १९९९ मध्ये काळे. पायऱ्या वाढत गेल्या. मूळ कार्ड लाखो लोकांच्या खिशात आले की ते असण्याचा मान उरत नाही, मग वरची पायरी बांधावी लागते. आणि ती पायरीही भरली की आणखी एक. आज भारतातल्या कार्डांवर प्लॅटिनम हे नाव अगदी प्राथमिक दर्जाच्या कार्डालाही दिसते. धातू तोच, भाव उतरला.

ऐंशीच्या दशकात या शिडीला बक्षिसांची जोड मिळाली. अमेरिकन विमान कंपन्यांनी १९८१ मध्ये प्रवासी मैलांच्या योजना सुरू केल्या, पुढे ते मैल कार्डाच्या खर्चावर मिळू लागले. १९८६ मध्ये सिअर्स कंपनीचे डिस्कव्हर कार्ड वार्षिक शुल्काशिवाय आणि खर्चाचा अंश परत देण्याच्या आश्वासनासह देशभर आले. यामुळे ग्राहकाच्या मनातला प्रश्न बदलला. 'मला उधारी हवी का' याऐवजी 'कोणते कार्ड जास्त परत देते' असे लोक विचारू लागले. माझ्या मते क्रेडिट कार्डाच्या इतिहासातली ही सर्वांत यशस्वी विक्रीकला. कर्जाचे साधन लोकांच्या नजरेत बचतीचे साधन झाले.

भारतात

भारतात डायनर्स क्लबचे कार्ड मुंबईचे उद्योजक काली मोदी यांनी साठच्या दशकाच्या आरंभी आणले. ते मोजक्या श्रीमंतांपुरते होते. बँकेचे कार्ड आले ते १९८० मध्ये, सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे सेंट्रलकार्ड. पाठोपाठ १९८१ मध्ये आंध्र बँक. दोन्ही सरकारी बँका, हे आजच्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल. त्या काळी दुकानात कार्डावरचे उठावदार अंक कार्बनच्या कागदावर दाबून उमटवणारे एक हातयंत्र असे. उदारीकरणानंतर विदेशी आणि नव्या खासगी बँका उतरल्या. स्टेट बँकेने १९९८ मध्ये जीई कॅपिटलबरोबर भागीदारीत कार्ड कंपनी काढली.

आणि मग आपले फ्रेस्नो झाले. २००० नंतरच्या वर्षांत मॉल, पेट्रोल पंप, कार्यालयांची उपाहारगृहे, जिथे तिथे कार्ड विकणारे तरुण उभे असत. 'आजन्म मोफत' हा शब्द तेव्हाचा. सिबिल ही पतमाहिती संस्था २००० मध्ये स्थापन झाली होती आणि पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, म्हणजे कोणाची किती उधारी कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा अजून बाळसे धरत होती. मार्च २००८ मध्ये देशात सुमारे २ कोटी ७५ लाख कार्डे होती. जागतिक मंदी आली, थकबाकी फुगली, बँकांनी कार्डे बंद करायला सुरुवात केली. मार्च २०१२ पर्यंत आकडा सुमारे १ कोटी ७६ लाखांवर आला. दर तीन कार्डांमागे एक नाहीसे झाले. सुप्याच्या बाजारात जे घडले त्याची आठवण येते: देताना सढळ हात आणि मग एकदम आखडता.

त्यानंतरची बँकांची वाढ सावध होती. २०१२ मध्ये रुपे हे स्वदेशी जाळे आले, २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले, आणि २०२४ च्या आरंभी देशातील कार्डांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. चहाच्या टपरीवरचा कोड आता उधारीनेही स्कॅन होतो. याचा अर्थ वाण्याची वही परत आली, फक्त वही वाण्याकडे राहिलेली नाही.

व्याजाला कमाल मर्यादा आहे का?

येथे दामदुपटीकडे परत येऊ. अनेक कार्डांवर थकलेल्या रकमेचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ३.५ गुणिले १२ म्हणजे वार्षिक ४२ टक्के. व्याजावर व्याज धरले तर १.०३५ चा बारावा घात १.५११ येतो, म्हणजे वर्षाला ५१ टक्क्यांहून अधिक. काहीच न भरता रक्कम पडून राहिली तर ती २१ महिन्यांत दुप्पट होईल, आणि दंडशुल्क व वस्तू-सेवा कर यांचा हिशेब वेगळा. दामदुपटीच्या नियमानुसार सावकाराची मागणी तिथे थांबली असती.

मग बँकेला हा नियम का लागू नाही? सावकारी नियंत्रणाचे राज्यांचे कायदे सावकारांसाठी आहेत, बँकांची कर्जे त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. १९१८ चा जाचक व्याजाविरुद्धचा केंद्रीय कायदा न्यायालयाला व्यवहार पुन्हा उघडू देत होता, पण बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये घातलेल्या कलम २१-अ ने व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार पुन्हा उघडण्यास न्यायालयांना मनाई केली. जुलै २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याला स्थगिती दिली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी आयोगाचा निर्णय रद्द केला. असे दर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील काम, आयोगाचे नव्हे, असा त्याचा आशय. आणि रिझर्व्ह बँकेने दरावर आकडा घातलेला नाही. बँकांनी आपल्या मंडळाच्या धोरणानुसार मर्यादा ठरवावी, दर जाचक नसावा, आणि तो ग्राहकाला स्पष्ट सांगावा एवढी तिची अपेक्षा आहे.

अमेरिकेतही वाट अशीच गेली. तिथे राज्याराज्यांत व्याजाच्या मर्यादा होत्या. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राष्ट्रीय बँक आपल्या मूळ राज्यातला दर इतर राज्यांतल्या ग्राहकांनाही लावू शकते. मग सिटीबँकेने १९८१ मध्ये आपला कार्ड व्यवसाय न्यूयॉर्कहून साउथ डकोटात हलवला, कारण त्या राज्याने मर्यादा काढून टाकली होती. व्याजाची मर्यादा एकदा उठली की ती परत बसवणे अवघड असते, हे दोन्ही देशांत दिसते. तेव्हा कायदा दर थोपवेल या भरवशावर कोणी कार्ड घेऊ नये.

निर्णयाचा हिशेब

पहिले कार्ड घेताना एकच प्रश्न खरा: दर महिन्याचे बिल पूर्ण भरण्याइतके उत्पन्न आणि तेवढी शिस्त आहे का? असेल तर तुम्ही डायनर्स क्लबच्या काळातले ग्राहक आहात. खरेदीपासून बिलाच्या अंतिम तारखेपर्यंत काही आठवडे पैसे बिनव्याजी वापरता आणि खर्च दुकानदाराच्या कपातीतून निघतो. नसेल तर तुम्ही फ्रेस्नोचे ग्राहक आहात.

बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक आकडा छापलेला असतो. बँका तो बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात. समजा ५०,००० रुपये थकले, दर महिना ३.५ टक्के, नवी खरेदी शून्य, कर आणि दंड बाजूला. तुम्ही दर महिन्याला व्याजासह बाकीच्या पाच टक्के इमानेइतबारे भरता. तर दर महिन्याअखेरची बाकी आधीच्या १.०३५ × ०.९५ = ०.९८३२५ पट होते. बारा महिन्यांनी बाकी सुमारे ४०,८०० रुपये. या वर्षात तुम्ही भरलेत सुमारे २८,३०० रुपये, आणि कर्ज कमी झाले सुमारे ९,२००. बाकी निम्मी व्हायला साडेतीन वर्षे लागतात. हे सगळे 'वेळेवर' भरून. शिवाय जुनी बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला ती बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. हा मुद्दा फोनवर कोणी सांगत नाही. (हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये बारा ओळींत होतो. करून पाहिलेला विद्यार्थी व्याख्यान ऐकलेल्यापेक्षा जास्त शिकतो, असा माझा अनुभव आहे.)

विद्यार्थ्याला स्वतःचे उत्पन्न नसते, त्यामुळे नेहमीचे कार्ड सहसा मिळत नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील तरुणांना उत्पन्न दाखवल्याशिवाय किंवा जामीनदाराशिवाय कार्ड देण्यास बंदी केली, कारण महाविद्यालयांच्या आवारात टी-शर्ट वाटून कार्डे खपवली जात होती. आपल्याकडे दोन मार्ग दिसतात. पालकांच्या कार्डावरचे जोडकार्ड, त्यात जबाबदारी पालकांचीच राहते. किंवा मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड, ज्याची मर्यादा ठेवीच्या आत असते. दुसरा मार्ग पतइतिहास सुरू करण्यासाठी बरा: चूक झाली तर ठेव जाते, पण कर्जाचा डोंगर होत नाही. मात्र वसतिगृहाचे शुल्क भरायला पैसे नाहीत म्हणून कार्ड घ्यायचे असेल तर ते चुकीचे साधन आहे. त्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे आणि त्याचा दर कार्डाच्या दराच्या जवळपासही नसतो.

पतगुणांकाचा बाऊ करू नये, दुर्लक्षही करू नये. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. वेळेवर भरणा, मर्यादेच्या किती टक्के वापर, खाती किती जुनी, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, अशा बाबींवर तो हलतो. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करणारा गरजू दिसतो. वेळेवर भरणा म्हणजे पूर्ण भरणा नव्हे, हेही ध्यानात घ्या: किमान रक्कम भरणाऱ्याची नोंद चांगली राहते आणि खिसा रिकामा होत जातो. गुणांक बँकेची जोखीम मोजतो, तुमची श्रीमंती नाही.

आता वरचे कार्ड. समजा सध्याचे कार्ड बिनशुल्क आहे आणि खर्चाचा १ टक्का परत देते. नवे २ टक्के देते, वार्षिक शुल्क २,५०० रुपये. त्यावर १८ टक्के कर धरून २,९५०. फायद्यातला फरक १ टक्का, म्हणजे शुल्क वसूल होण्यासाठीच वर्षाला २,९५,००० रुपये, महिन्याला साडेचोवीस हजारांहून अधिक, कार्डावर खर्च व्हायला हवेत. आणि तेही असा खर्च जो तुम्ही एरवी केलाच असता. पॉइंट मिळवण्यासाठी वाढवलेली खरेदी या हिशेबात जमेच्या बाजूला धरायची नाही. मी स्वतः विमानतळाच्या आरामकक्षाची किंमत शून्य धरतो. वर्षातून एकदा गावी रेल्वेने जाणाऱ्याला त्याचा उपयोग काय? ज्याला कामासाठी दर महिन्याला विमानाने फिरावे लागते त्याने आपला आकडा खुशाल वेगळा धरावा. शिवाय इंधन, घरभाडे, विमा, पाकिटात पैसे भरणे अशा खर्चावर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात, आणि पॉइंटचे मोल बँक बदलू शकते. म्हणून फायदा आजच्या तक्त्यावरून काढा, पण त्यातून थोडी घट आधीच वजा करा.

वरच्या कार्डाचा एक फायदा मात्र खरा आहे. मर्यादा ५०,००० असताना महिन्याला ४०,००० खर्च करणाऱ्याचा वापर ८० टक्के दिसतो. मर्यादा एक लाख झाली की तोच खर्च ४० टक्के दिसतो. पण त्यासाठी शुल्काचे कार्ड घ्यावेच असे नाही, नुसती मर्यादा वाढवून मागता येते. दर्जा बदलताना जुने खाते चालू राहणार की बंद होऊन नवे उघडणार हेही विचारा, कारण जुन्या खात्याचे वय पतइतिहासात उपयोगी असते.

संमतीचा प्रश्न भारतात बराच उशिरा पण स्पष्टपणे सुटला. न मागितलेली कार्डे देऊ नयेत असे रिझर्व्ह बँकेने २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितले होते. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनी त्याला दात आणले. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड दिले किंवा दर्जा वाढवला आणि त्याचे शुल्क लावले, तर ते शुल्क परत करून वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. मर्यादा वाढवायलाही संमती लागते. दिलेले कार्ड ३० दिवसांत कार्यान्वित झाले नाही तर बँकेने ओटीपीने संमती घ्यावी, संमती न मिळाल्यास खाते विनाशुल्क बंद करावे. म्हणून फोनवरच्या व्यक्तीला ओटीपी सांगणे ही साधी औपचारिकता नव्हे. सुप्याच्या शेतकऱ्याचा अंगठा आज या सहा अंकांत आहे.

घेतलेले कार्ड नको झाले तर बाकी शून्य करा, उरलेले पॉइंट वापरा, स्वयंचलित देयके दुसरीकडे वळवा आणि बंद करण्याची विनंती लेखी किंवा बँकेच्या ॲपवरून करा. विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने खाते बंद करायचे असते. बाकी नसताना उशीर केला तर दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. विनंतीचा क्रमांक जपून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पतअहवालात ते खाते 'बंद' असे दिसते का ते पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे.